सातव्या पावलाची पळवाट

1962 च्या फेब्रुवारीत महाराष्ट्रात एक लग्न लागलं. नवऱ्याची पहिली बायको हयात होती, तिच्याशी काडीमोड झालेला नव्हता. दुसरं लग्न गांधर्व पद्धतीचं, म्हणजे होम नाही आणि सप्तपदीही नाही. चार माणसं जमली, वधूवरांच्या कपाळाला कपाळ टेकवलं आणि लग्न लागलं असं सगळ्यांनी धरलं. फिर्याद झाली, खालच्या कोर्टात नवऱ्याला शिक्षा झाली, अपिलातही ती टिकली. मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1965 मध्ये नवरा सुटला. भाऊराव शंकर लोखंडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा तो निकाल. आजही द्विभार्येच्या प्रत्येक खटल्यात आरोपीचा वकील सगळ्यात आधी तोच काढतो.

निकालाचा तर्क असा: गुन्हा ठरायला दुसरं लग्न विधिवत लागलेलं असायला हवं. होम आणि सप्तपदी झाली नाही, ते विधी समाजाच्या रूढीने वगळले गेले होते हेही शाबीत झालं नाही, म्हणून हे लग्नच नव्हे. आणि दुसरं लग्नच झालेलं नसेल तर दोन लग्नं केल्याचा गुन्हा कसला? हिंदू विवाह कायद्याच्या कलम 7 प्रमाणे, जिथे सप्तपदी हा विधी आहे तिथे सातवं पाऊल पडलं की लग्न पुरं होतं. एखाद्या बेरक्या नवरदेवाने हे नीट वाचलं तर त्याला वकिलाची फी भरायची गरजच उरत नाही. सहा पावलं चालायची आणि थांबायचं. किंवा चालायचंच नाही, एखाद्या देवळात हार घालून मोकळं व्हायचं.

बहुपत्नीत्वाच्या वादात एक बाजू म्हणते हिंदूंना बंदी आहे, मग मुसलमानांना का नाही. दुसरी बाजू म्हणते आमच्या धर्मात हात घालू नका. या दोन्ही बाजू एक गोष्ट गृहीत धरतात, ती म्हणजे हिंदूंवरची बंदी चालते. ती फारशी चालत नाही, आणि जितकी चालते तितकी नवऱ्यावर न चालता बायकांवर चालते, एवढंच मला इथे मांडायचं आहे. बंदी हवी की नको, हा माझ्यापुरता संपलेला प्रश्न आहे. हवीच, आणि सगळ्यांना हवी. वाद आहे तो कशा प्रकारची, याचा.

आपल्याकडे या बंदीचा इतिहास देशाच्या आधी सुरू होतो. मुंबई प्रांताने 1946 मध्येच हिंदू द्विभार्या प्रतिबंधक कायदा केला. त्याआधी हिंदू पुरुषाला बायकांच्या संख्येची मर्यादा नव्हती. मूल होत नाही म्हणून दुसरी करा, असा आग्रह जोतीराव फुल्यांनाही झाला होता आणि त्यांनी तो धुडकावला. पुरुष दुसरी बायको आणतो तसा बायकोने दुसरा नवरा आणला तर चालेल का, हा त्यांचा सवाल दीडशे वर्षांत कोणी नीट सोडवलेला नाही. 1946 च्या कायद्याला अपेक्षेप्रमाणे आव्हान दिलं गेलं: फक्त हिंदूंनाच का? मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला आणि न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी 1951 मध्ये नरसू आप्पा माळी प्रकरणात कायदा उचलून धरला आणि सुधारणा टप्प्याटप्प्याने करण्याचा अधिकार राज्याला आहे असं सांगितलं. 1955 मध्ये हिंदू विवाह कायदा आला आणि बंदी देशभर झाली. त्याला आता सत्तर वर्षं उलटली. पुढचा देशव्यापी टप्पा काही आलेला नाही.

आता आकडे, कारण या विषयात आकड्यांपेक्षा अफवाच जास्त फिरतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019 ते 2021 दरम्यान, नवऱ्याला आणखी बायका आहेत असं सांगणाऱ्या विवाहित स्त्रियांचं प्रमाण 1.4 टक्के निघालं. 2005-06 मध्ये ते 1.9 टक्के होतं. धर्मवार पाहिलं तर मुसलमानांत 1.9 आणि हिंदूंत 1.3. अनुसूचित जमातींत 2.4, आणि मेघालयात 6.1. हिंदूंच्या आकड्याकडे जरा थांबून पाहा. ज्यांना मुभा आहे त्यांच्यात 1.9 आणि ज्यांना सात वर्षांच्या कैदेची भीती आहे त्यांच्यात 1.3. हिंदूंची संख्या पाहता देशात सवतीबरोबर नांदणाऱ्या बायकांतल्या बहुसंख्य हिंदूच आहेत. आणि हा आकडा बायकांनी स्वतःहून सांगितल्यावरचा आहे. ज्यांना माहीत नाही किंवा सांगायची लाज वाटली त्या वेगळ्याच.

एक मुसलमान, चार बायका आणि पंचवीस मुलं, अशी 'हम पाँच, हमारे पचीस'ची घोषणा देणाऱ्यांसाठी एवढंच, की लोकसंख्या नवऱ्यांच्या बायका मोजून वाढत नाही. मुलं बायकांना होतात. चार बायकांचा एक नवरा असला काय किंवा चार नवरे असले काय, मुलं ठरतात ती त्या चौघींना प्रत्येकी किती झाली यावर. बहुपत्नीत्वाला विरोध करायला पुष्कळ कारणं आहेत, त्यात हे खोटं कारण कशाला घालायचं?

मी काही वर्षं बायकांसाठीच्या एका सल्ला केंद्रात आठवड्यातून दोनदा बसत असे. तिथे एकदा दोघी एकत्र आल्या. थोरली पन्नाशीची, धाकटी चाळिशीच्या आत. नवरा एका सहकारी संस्थेत नोकरीला होता, अपघातात गेला. आता फंड, ग्रॅच्युइटी आणि विम्याचे पैसे अडकले होते. दोघींच्याही हातात साडीच्या दुकानाची प्लॅस्टिकची पिशवी, आत कागद. थोरलीच्या पिशवीत लग्नपत्रिका आणि एक पिवळा पडलेला फोटो, बस्स. रेशनकार्डावर तिचं नाव नव्हतं, कारण दुसरी आली त्या वर्षी ती माहेरी गेली होती आणि कार्ड नवं करताना तिचं नाव गळलं. धाकटीच्या पिशवीत सगळं होतं: आधारवर नवऱ्याचं नाव, मतदार ओळखपत्र, दोन मुलांचे जन्मदाखले, बँकेच्या पासबुकावर नॉमिनी. फक्त लग्नाचा एकही कागद नव्हता. लग्न कुठे झालं विचारलं तर म्हणाली, देवीच्या देवळात, ते म्हणाले फोटो नको काढायला.

ते म्हणाले फोटो नको. त्या माणसाला कायदा पाठ होता असं मला वाटत नाही. पण कुणीतरी कधीतरी त्याच्या कानावर घातलं असणार.

कायद्याच्या दृष्टीने थोरली बायको होती आणि धाकटी कोणीच नव्हती. सोळा वर्षांचा संसार, शेवटची दोन वर्षं त्याच्या मधुमेहाचं पथ्यपाणी, आणि हाती शून्य. थोरली कायद्याने सगळ्याची धनीण, पण ते सिद्ध करायला तिच्याकडे कागद नाहीत. दोघी एकमेकींविरुद्ध अर्ज करणार होत्या, आणि दोघींना एकाच एसटीने परत जायचं होतं. ज्याने हे सगळं करून ठेवलं त्याला जिवंतपणी कोणी एक नोटीसही पाठवली नव्हती.

दुसरीला न्यायालयांनी काय काय म्हटलंय ते वाचलं तर मान खाली जाते. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 2004 च्या एका निकालात अशा स्त्रीसाठी 'अवैध पत्नी' आणि 'एकनिष्ठ रखेल' अशा अर्थाचे शब्द वापरले. ते शब्द स्त्रीच्या प्रतिष्ठेला धक्का देणारे आहेत हे सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं फेब्रुवारी 2025 मध्ये, एकवीस वर्षांनी. मधल्या काळात थोडी हालचाल झाली, नाही असं नाही. 2013 मध्ये बादशाह विरुद्ध ऊर्मिला गोडसे या महाराष्ट्रातल्याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पहिलं लग्न लपवून ज्याने दुसरं केलं, त्याला स्वतःच्याच लबाडीचा फायदा घेऊन पोटगी नाकारता येणार नाही. 2025 च्या त्याच निकालाने अवैध विवाहातल्या जोडीदारालाही कायमस्वरूपी पोटगी मिळू शकते असं ठरवलं. पण सरकारी नोकर मेला तर? दुसरं लग्न हिंदू विवाह कायद्याने अवैध असेल तर दुसरीला कौटुंबिक निवृत्तिवेतन नाही, असं मुंबईच्याच पूर्णपीठाने 2019 मध्ये सांगून टाकलं. म्हणजे तो जिवंत असेपर्यंत फसवणूक झाल्याचं सिद्ध करून पोटगी मागता येईल, मेल्यावर निवृत्तिवेतनाची खिडकी बंद. मुलांचं मात्र कायद्याने बऱ्यापैकी निस्तरलं आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 16 ने ती औरस ठरतात, आणि सप्टेंबर 2023 च्या निकालानंतर वडिलांच्या एकत्र कुटुंबातल्या हिश्श्यातही त्यांना वाटा आहे. मुलं निर्दोष म्हणून त्यांना वाचवलं, हे योग्यच. फसवली गेलेली बाई कुठे दोषी होती?

पहिलीचं काय? तिच्या हातात फौजदारी तरतूद आहे: जुन्या दंडसंहितेचं कलम 494, आता भारतीय न्याय संहितेचं कलम 82. सात वर्षांपर्यंत कैद, पहिलं लग्न लपवलं असेल तर दहा. वाचायला जबर आहे. पण गुन्हा सर्वसाधारणपणे अदखलपात्र, म्हणजे पोलीस ठाण्यात गेलं तर हवालदार कोर्टाची वाट दाखवतो. कोर्टात खासगी फिर्याद करायची, आणि मग तिनेच, जिला त्या लग्नाला अर्थातच बोलावलेलं नव्हतं, दुसऱ्या लग्नात होम पेटला होता आणि सात पावलं पडली होती हे साक्षीदारांनिशी दाखवायचं. साक्षीदार कोण? नवऱ्याचा भाऊ, नवऱ्याची मावशी. व्यभिचार 2018 पासून गुन्हा नाही (नसावाच, ते कलम बायकोला नवऱ्याची मालमत्ता समजत होतं). तेव्हा लग्न न करता संसार थाटला तर गुन्हा नाही, लग्न केलं तर गुन्हा, आणि लग्न केलं हे सिद्ध होऊ दिलं नाही तर पुन्हा गुन्हा नाही.

मग नवरा काय करतो? पहिलीला टाकतो. घटस्फोट नाही, पोटगी नाही, नुसतं नांदवायचं नाही. 'टाकलेली' या शब्दात सगळं आलं; वस्तू टाकतात तशी. 1988 मध्ये संगमनेरला परित्यक्तांची परिषद भरली तेव्हा हा प्रश्न महाराष्ट्रात पहिल्यांदा मोठ्याने बोलला गेला. 2011 च्या जनगणनेत देशात घटस्फोटित स्त्रिया नऊ लाखांच्या आसपास होत्या आणि विभक्त राहणाऱ्या तेवीस लाखांहून जास्त. त्या तेवीस लाखांतल्या किती जणींच्या जागी दुसरी आली आहे हे जनगणना विचारत नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही: पूर्वी निदान थोरलीला घरात कोपरा तरी होता, बंदीने तोही गेला. खरं आहे, काही घरांत असंच झालं. पण त्या कोपऱ्याची किंमतही बघितली पाहिजे. पोरगा होत नाही म्हणून स्वतःच्या सख्ख्या धाकट्या बहिणीला सवत म्हणून आणणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. परकी येण्यापेक्षा आपली बरी, हा त्यांचा हिशोब. मुलगा की मुलगी हे पुरुषाच्या बीजावर ठरतं, हे शाळेच्या पुस्तकात आलं तरी त्या हिशोबात आलेलं नाही. अशा ठिकाणी 'पहिलीची संमती होती' असं म्हणणं म्हणजे बुडणाऱ्याने काडी स्वखुशीने धरली म्हणण्यासारखं आहे. संमतीचा मुद्दा मला तत्त्वतः मान्य आहे. पण मग फुल्यांचा सवाल आधी सोडवा. दोन्हीकडून सारखी मुभा असेल तर बोलू.

आणि काही ठिकाणी सवत आणण्याचं कारण नवऱ्याच्या मनात नसतंच, ते नळात असतं. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात डेंगणमाळ नावाची वस्ती आहे. मुंबईला पाणी देणारी धरणं याच तालुक्याच्या परिसरात, आणि वस्तीला नळ नव्हता. तिथल्या काही पुरुषांनी पाणी भरण्यासाठी म्हणून दुसरी, तिसरी बायको केली. तिला 'पाणीवाली बाई' म्हणतात. 2015 च्या सुमारास हे देशभर छापून आलं, परदेशी वार्ताहरही येऊन गेले. पहिलीला मुलं सांभाळायची असतात आणि पाणी आणायला तासन्‌तास जातात, म्हणून पाण्यासाठी वेगळी. यातल्या बऱ्याच जणी विधवा किंवा टाकलेल्या, ज्यांना नवऱ्याचं नाव आणि डोक्यावर छप्पर हवं होतं. तिथे कलम 82 घेऊन कोण जाणार? गेलं तरी संध्याकाळी हंडा कोण उचलणार? पाइपलाइन हा तिथला विवाहविषयक कायदा आहे.

मुस्लिम कायद्याकडे येते. चारपर्यंत बायका करण्याची मुभा तिथे अजून आहे आणि ती काढली पाहिजे, हे मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. 18 एप्रिल 1966 ला मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाईंनी सात मुस्लिम स्त्रियांना घेऊन मुंबईत सचिवालयावर मोर्चा काढला. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व रद्द करा, ही मागणी. सात म्हणजे मोजून सात बायका, पण त्या मागणीतला एका दमात तीनदा म्हणायचा तोंडी तलाक 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयात पडला. बहुपत्नीत्व तसंच उरलं. ट्युनिशियाने 1956 च्या कौटुंबिक संहितेतच ते बंद केलं होतं. पाकिस्तानने 1961 मध्ये निदान लवाद मंडळाच्या लेखी परवानगीची अट घातली. आपल्याकडे तेवढंही नाही. 1939 च्या कायद्याने नवरा सगळ्या बायकांना सारखं वागवत नसेल तर मुस्लिम स्त्रीला घटस्फोट मागता येतो. थोडक्यात, तिला बाहेर पडता येतं, त्याला अडवता येत नाही.

पण एक विचित्र गोष्ट नजरेआड करू नये. मुस्लिम माणसाची दुसरी बायको कायद्याने बायको असते. नवऱ्याच्या पश्चात मुलं असतील तर सगळ्या बायकांना मिळून आठवा हिस्सा, नसतील तर चौथा. वाटा तुटपुंजा आहे, पण आहे. माझ्यासमोर बसलेल्या त्या धाकटीला तेवढाही नव्हता. हिंदूंचा कायदा जसाच्या तसा उचलून मुसलमानांना लावला तर मुस्लिम नवरेही देवळाऐवजी आणखी कुठेतरी, फोटोशिवाय, नोंदीशिवाय लग्न लावायला शिकतील आणि दुसरीचा तो आठवा हिस्साही जाईल. उलट दिशेची पळवाट तर केव्हाच शोधली गेली आहे. बायको जिवंत असताना धर्म बदलून दुसरं लग्न करणारे हिंदू पुरुष इतके झाले की 1995 मध्ये सरला मुदगल प्रकरणात आणि पुन्हा 2000 मध्ये लिली थॉमस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला ते लग्न अवैध आहे आणि गुन्हाही आहे, हे स्पष्ट करावं लागलं.

समान कायद्याचा डांगोरा पिटणाऱ्या राज्यांनी तरी सगळ्यांना धरलंय का? उत्तराखंडची समान नागरी संहिता जानेवारी 2025 पासून लागू झाली, तिच्यातून अनुसूचित जमाती वगळल्या आहेत. आसाम विधानसभेने नोव्हेंबर 2025 मध्ये बहुपत्नीत्वबंदीचं विधेयक मंजूर केलं, त्यातूनही वगळल्या. हिंदू विवाह कायदाही त्यांना लागू नाही. आदिवासींच्या रूढी मोडून काढा असं मी म्हणत नाही, त्यांच्या बाबतीत घाईने केलेल्या कायद्यांचा इतिहास फार वाईट आहे. पण जिथे प्रमाण सगळ्यात जास्त तिथे हात लावायचा नाही आणि त्याला समान म्हणायचं, यातली खोच मेघालयातल्या बाईलाही कळत असेल.

मग करायचं काय? बहुतेक जण इथे विवाहनोंदणीचं नाव घेतात. महाराष्ट्रात त्यासाठी 1998 चा कायदा आहे. नोंदणी हवीच, पण तिने हा प्रश्न सुटत नाही. नोंदणीच्या अर्जात अविवाहित, विधुर की घटस्फोटित असं विचारतात, माणूस लिहून देतो आणि तपासत कोणी नाही. शिवाय ज्याला लपवायचं आहे तो नोंदणीला जातोच कशाला? त्यात एप्रिल 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सांगितलं की विधी झाले नसतील तर नुसत्या प्रमाणपत्राने हिंदू विवाह होत नाही. 1965 पासून आपण त्याच होमकुंडाभोवती फिरतो आहोत.

माझ्या मते हात घालायला हवा तो पुराव्याच्या कायद्यात. 1872 च्या पुरावा कायद्याच्या कलम 50 मध्ये फार शहाणी गोष्ट होती: दोघं नवराबायको आहेत का, असा प्रश्न आला तर ओळखीपाळखीचे लोक त्यांना नवराबायको म्हणून वागवत होते ही बाब विचारात घेता येते. गाव काय समजत होतं, त्याला किंमत आहे. पण लगेच खाली परंतुक, म्हणजे अपवादाची अट: द्विभार्येच्या खटल्यात लग्न सिद्ध करायला एवढं पुरेसं नाही. त्या कायद्याच्या जागी साक्ष्य अधिनियम नवा आला, कलमाचा आकडा 44 झाला, परंतुक तसंच राहिलं. त्यामागचं कारण समजण्यासारखं आहे, माणसाला तुरुंगात पाठवायचं तर पुरावा कडक हवा. ठीक, मग तुरुंगाचा हट्ट सोडा. तसाही इतक्या वर्षांत किती नवरे आत गेले? पहिल्या लग्नात असलेल्या माणसाने दुसरीला जगासमोर बायको म्हणून वागवलं, रेशनकार्डावर घातलं, मुलाच्या दाखल्यावर आई म्हणून तिचं नाव लावलं, तर दिवाणी न्यायालयाने दुसरं लग्न झालं असं धरून चालावं. तसं नव्हतं हे सिद्ध करण्याचा बोजा त्याच्यावर. आणि परिणाम त्याच्या खिशावर: पहिलीला त्याच्या मिळकतीत ठरलेला वाटा लगेच, तो जिवंत असतानाच, अंधारात ठेवलेल्या दुसरीला पोटगी आणि नुकसानभरपाई, तीही त्याच्याच हिश्श्यातून, पहिलीच्या वाट्याला धक्का न लावता. नवरा हिंदू असो, मुसलमान असो, की आणखी कोणी.

खोट्या केसेस होतील, असं कोणीतरी म्हणेलच. होतील थोड्या. पण रेशनकार्ड, जन्मदाखला, पासबुक हे कागद सवतीने रचलेले नसतात, त्यांच्याबरोबरच्या अर्जांवर त्याची स्वतःची सही असते. त्या धाकटीच्या पिशवीत अशा सह्या मी सात मोजल्या होत्या.